ठासणीची बंदूक घेण्याआधी

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरु गोबिंदसिंघजींच्या ज्या वस्तू जतन केल्या आहेत, त्यांत सोन्याची कट्यार आहे, दोन धनुष्ये आहेत, पस्तीस बाणांचा भाता आहे, रत्नजडित पोलादी ढाल आहे, सोन्याच्या पाच तलवारी आहेत आणि एक तोड्याची बंदूक आहे. दर्शनाला आलेल्याची नजर आधी सोन्याकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र त्या यादीतली बंदूक फार महत्त्वाची वाटते. १७०८ साली गोदावरीच्या या काठावर धनुष्यबाण आणि बंदूक एकाच योद्ध्याच्या शस्त्रांत शेजारी शेजारी होती. नवे आले म्हणून जुने सुटले नव्हते. जुन्या शस्त्रांचा संग्रह करू पाहणाऱ्याला यापेक्षा चांगला पहिला धडा मिळणार नाही, आणि तो आमच्या विष्णुपुरीपासून जवळच आहे.

ही पुस्तिका संग्रहासाठी काळ्या दारूची जुनी बंदूक घेऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिली आहे. ती शिकारीसाठी नाही, नेमबाजीसाठी नाही आणि दिवाणखान्यात दोन तलवारींच्या मधे काहीतरी टांगायचे आहे अशांसाठीही नाही. ज्याला वस्तू इतिहासाला धरून हवी आहे, म्हणजे तिचा काळ, तिचा मुलूख आणि तिचे भाग एकमेकांशी जुळलेले हवे आहेत, तो माझा वाचक. विष्णुपुरीत एकीकडे १९८१ पासून अभियांत्रिकीची संस्था आहे आणि दुसरीकडे १९९४ पासून विद्यापीठ. धातू शिकणारी मुले आणि इतिहास शिकणारी मुले एकाच टपरीवर चहा पितात. या विषयाला दोघांचीही गरज आहे, म्हणून लिहिताना दोघे माझ्यासमोर होते.

विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘अस्सल आहे का?’ हा. मी तो दुसरा ठेवतो. पहिला प्रश्न, ही बंदूक कुणाच्या हातातली, कुठल्या मुलखातली आणि कोणत्या पिढीतली? कारण सगळे भाग अस्सल असूनही बंदूक खोटी असू शकते. नळी राजस्थानातली, दस्ता तिसऱ्याच बंदुकीचा, बार ठासायचा गज नवा, आणि पट्ट्या परवा बसवलेल्या. बाजारात असे जुळवलेले नग पुष्कळ येतात. विकणारा प्रत्येक भागाबद्दल खरे बोलतो आणि एकूण वस्तूबद्दल गप्प राहतो.

आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीच्या तीन पिढ्या सापडतात. पहिली तोड्याची. हिच्यात पेटती वात, म्हणजे तोडा किंवा जामगी, दारूला विस्तव देते. दुसरी चकमकीची, हिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. तिसरी टोपीची, हिच्यात घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर पडतो आणि टोपीतला स्फोटक मसाला पेटतो. युरोपात या पिढ्या एकामागून एक आल्या. आपल्याकडे त्या शेजारी शेजारी नांदल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन उभ्या होत्या तेव्हाही देशी शिबंदीच्या खांद्यावर तोड्याचीच बंदूक होती. त्याला मागासलेपण म्हणणे मला पटत नाही. तोड्याच्या बंदुकीत मोडण्यासारखे फारसे काही नसते आणि जे मोडते ते गावचा लोहार नीट करतो. चकमकीच्या बंदुकीला चांगली गार लागते, चांगली स्प्रिंग लागते आणि दोन्ही संपल्या की ती काठीच्या कामाची उरते.

मराठवाड्यात संग्रह करणाऱ्याने म्हणूनच तोड्याच्या बंदुकीपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक जण उलटे करतात. सिनेमात, चित्रांत आणि परदेशी पुस्तकांत पाहिलेली एनफिल्ड किंवा ‘ब्राउन बेस’ त्यांना हवी असते. त्या बंदुकांना आपल्या इतिहासात जागा आहेच आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण कंधार, उदगीर, औसा इथल्या बुरुजांवर, गढ्यांवर आणि देशमुखांच्या वाड्यांत वर्षानुवर्षे पहाऱ्याला होती ती तोड्याची बंदूक.

ती जवळून पाहू. बंदूक लांब असते, चार फुटांपासून सहा फुटांपर्यंत. दस्ता सरळ आणि सडपातळ, खांद्याला नीट टेकेल असा रुंद नसतो. त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या जडवलेल्या असतात. नळी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी बांधलेली. नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, ठेवायची छोटी वाटी, तिच्यावर बाजूला सरकणारे झाकण, आणि वाटीतून नळीत जाणारे बारीक भोक, ज्याला कान म्हणतात. दस्त्याला वरून एक फट असते आणि तिच्यातून तोडा धरणारा चिमटा डोके काढतो. खालचा चाप दाबला की आतली तरफ फिरते आणि चिमटा पुढे वाकून वाटीत उतरतो. बस्स, एवढीच यंत्रणा. चाप म्हणजे बहुधा एक सपाट पाते, त्यावर कधी जाळीचे काम. कान साफ करायची सुई साखळीने शेजारी लटकवलेली. सुई हरवलेली असली तरी तिची कडी बहुतेकदा शिल्लक असते, आणि नवशिक्या बनावट कारागीर नेमकी ती कडी विसरतो.

नळीत खरी कला आहे. आइन-इ-अकबरीत अबुल फजलने अकबराच्या कारखान्यातली नळी करण्याची पद्धत सांगितली आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा नुसत्या जोडीत. नव्या रीतीत पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका पीळ देत गुंडाळायचा आणि दर वेढ्याला तापवून सांधायचा. अशा नळीचा सांधा एका सरळ रेषेत येत नाही, म्हणून ती फुटायची भीती कमी. या पिळाचे वळसे जुन्या नळीवर आजही दिसतात. लोखंड आणि पोलाद एकत्र पिळलेले असेल तर जौहर उमटतो, पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी. ही नक्षी आम्लाने वरवर कोरून नकलीही करतात. नकली जौहर नळीच्या घडणीशी जुळत नाही. खरा जौहर तोंडाच्या कडेवर, वाटीच्या मुळाशी आणि झिजलेल्या जागीही तसाच चालू राहतो, कारण तो धातूच्या अंगातच असतो.

या कलेत आपल्या शेजारचा गोवा फार पुढे होता, आणि हे मराठी वाचकाला फारसे सांगितले जात नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा तिथे बंदुका घडवणारे कारागीर आधीच होते. गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कने आपल्या राजाला लिहून कळवले की हे कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे काम करतात. त्या काळच्या युरोपात याहून मोठे प्रशस्तिपत्रक नव्हते. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या बंदुका पोचल्या आणि ज्यांनी जपानच्या लढाईची रीत बदलली, त्यांचे मूळ गोव्याच्या घडणीत आहे असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते म्हणणे वादातीत नाही, पण मला ते पटण्याजोगे वाटते. कोकणातले हेटकरी नेमबाज मराठ्यांच्या फौजेत नावाजलेले होते, आणि त्यांचा मुलूख याच किनाऱ्याला लागून आहे.

आता चकमकीच्या पिढीकडे. लातूर जिल्ह्यातल्या वाचकाला हिच्यासाठी फार लांब जायला नको. १७६० च्या आरंभी उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडीत पकडले. या मोहिमेत इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूला होता. तो पूर्वी निजामाकडे होता आणि फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायती लढाई शिकला होता. रांगेत उभे राहून, हुकुमासरशी, एकाच वेळी बार काढणारी ही पायदळाची पद्धत. तोड्याच्या बंदुकीने ती नीट साधत नाही, कारण शेजाऱ्याच्या हातातला पेटता तोडा आणि आपल्या कमरेची दारू एवढ्या दाटीत धोक्याची. उदगीरच्या विजयाने मराठ्यांना साठ लाखांचा मुलूख मिळाला. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, तोच इब्राहिमखान पानिपतावर भाऊंसाठी लढला आणि त्यानंतर पकडून मारला गेला. माझ्या मते मराठवाड्यातल्या संग्रहात एक तोड्याची आणि एक चकमकीची बंदूक शेजारी ठेवली आणि खाली फक्त ‘उदगीर, १७६०’ एवढे लिहिले, तर ती लढाई शाळेतल्या पुस्तकापेक्षा जास्त समजेल.

कंपनीच्या बंदुका ओळखायला सोप्या, म्हणूनच त्यांची नक्कलही जास्त. ‘इंडिया पॅटर्न’ ब्राउन बेसची नळी ३९ इंचांची आणि तिचे तोंड पाऊण इंचाचे. कुलपाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर कंपनीची खूण असते. आधी बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह. बदामाची खूण आणि १८४० चे साल एकाच पट्टीवर दिसले तर दुकानातून शांतपणे बाहेर पडावे. एनफिल्डचा १८५३ चा नमुनाही ३९ इंची नळीचा, तीन कड्यांचा, ०.५७७ इंच तोंडाचा. हिच्या नळीत आटे आहेत, म्हणून ही खरी रायफल. तोड्याच्या आणि बहुतेक चकमकीच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. एनफिल्डच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर सरकारने काय केले हे संग्राहकाला जास्त उपयोगाचे आहे. देशी पलटणींना आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. बाहेरून एनफिल्ड, आतून साधी. त्यामुळे ‘नळीत आटे नाहीत, म्हणजे बनावट’ असा निकाल घाईने देऊ नये. ती बंदूक एका सरकारच्या मनातल्या भीतीचा पुरावा असू शकते, आणि तसे असेल तर आट्यांच्या एनफिल्डपेक्षा आपल्यासाठी ती अधिक मोलाची.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १८१९ मध्ये नांदेडच्या उत्तरेला नव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईकांचे हटकर आणि त्यांच्याबरोबरचे अरब शिपाई याच कंटिंजंटशी लढले. अरबांच्या लांब तोडेदार बंदुका, रोहिल्यांच्या बंदुका, छावणीतून बाद झालेल्या कंपनीच्या बंदुका, असा सगळा मिश्र माल या भागातल्या घरांत जिरला. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात पुण्या-साताऱ्याच्या पुस्तकात न बसणारी बंदूक निघाली तर तिच्यावर संशय घेण्याआधी छावणीचा रस्ता आठवावा.

अशाच घरांतल्या एका बंदुकीबद्दल लिहिलेच पाहिजे. लातूर जिल्ह्यातल्या एका जुन्या घरात ती खंडेनवमीला पूजेत मांडतात. मूळची तोड्याची. पुढे कुणीतरी तिच्या कानापाशी टोपी बसवायची नळी जोडून, चिमटा काढून, त्या जागी घोडा लावलेला. चिमट्याची फट लाकडाची चीप ठोकून बुजवलेली आहे आणि ती चीप आजही बोटाला लागते. दस्त्यावर तडा गेला होता, तिथे ओल्या चामड्याचा वेढा घालून वाळवला आहे. या सगळ्यावर पिढ्यांचे तूप, हळद, कुंकू आणि शेंदूर यांचा दाट थर. एका विक्रेत्याने त्या कुटुंबाला सांगितले होते की हे सगळे ‘दुरुस्त’ करून बंदूक पुन्हा तोड्याची करून देतो, मग भाव चांगला येईल. त्यांनी ऐकले नाही, याचा मला फार आनंद आहे. टोपी बसवणाऱ्या त्या लोहाराने जे केले तोच या भागातल्या बंदुकीचा इतिहास आहे. ती घडली एका शतकात, बदलली दुसऱ्यात, आणि दोन्ही वेळा कामाची होती. तिला जबरदस्तीने मागे नेऊन मिळते ते तिच्या तारुण्याचे सोंग. इतिहासाला धरून असलेली बंदूक म्हणजे जिच्यातले बदल लपवलेले नाहीत ती. हे मत मी या पुस्तिकेत अनेक जागी मांडले आहे आणि त्यावर तडजोड केलेली नाही.

म्हणूनच साफसफाईबद्दल कडक भाषा वापरली आहे. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, ग्राइंडर, वॉर्निश यांपैकी काहीही जुन्या बंदुकीच्या जवळ येऊ देऊ नये. तपकिरी झालेले लोखंड तसेच राहू द्यावे. लाल, भुसभुशीत गंज असेल तेवढाच हलके तेल आणि मऊ फडके लावून थांबवावा. शेंदराचा थर खरवडू नये, तो पूजेचा पुरावा आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते, तेव्हा भिंतीवर उन्हाच्या रेषेत टांगण्याऐवजी कापडात गुंडाळून आडवी ठेवलेली बंदूक जास्त टिकते.

या सगळ्याआधी एक काम. जुनी ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. कुणीतरी कधीकाळी बार भरून ठेवला, नंतर तो माणूस गेला, आणि दारू आत तशीच राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षांनीही पेटते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, तोंडासमोर स्वतः न येता, आत लाकडी काठी हलकेच सोडावी, तोंडापाशी खूण करावी, आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक कानाच्या जवळपास पोचले नाही तर आत काहीतरी आहे. मग पुढे काहीही करू नये, पोलिसांना कळवावे. घरातल्या बंदुकीशी लहान मुले खेळतात, म्हणून हा परिच्छेद पुस्तिकेतही जाड अक्षरांत छापला आहे.

कायद्याचे प्रकरण कंटाळवाणे वाटेल, तरी ते वगळू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या धर्तीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण एका अटीवर. दुरुस्ती करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. विक्रेते पहिला अर्धा भाग सांगतात, अट गिळतात. चालू शकणारी ठासणीची बंदूक दोनशे वर्षांची असली तरी तिला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. ही सूट आपल्या बंदुकीला लागू आहे का, हे आपण ठरवायचे नसते. जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत व्यवहार थांबवावा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखालीही येते. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पावती, विक्रेत्याचा परवाना क्रमांक आणि वस्तू कुठून आली याचा लेखी मजकूर, या तीन गोष्टींशिवाय पैसे देऊ नयेत. संग्राहकाने काळी दारू घरात ठेवूच नये. स्फोटकांचा कायदा वेगळा आहे, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दारूखाना घरांजवळ नसावा अशी ताकीद आहे.

अमेरिकेतल्या नातलगांकडून बंदूक मागवण्याचा विचार काही वाचक करतील. तिथे १८९८ किंवा त्याआधीच्या बंदुकांना १९६८ च्या केंद्रीय कायद्यात वेगळी वागणूक आहे, ब्रिटनमध्येही जिज्ञासेची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुराण्या बंदुकांना सूट आहे. त्या सवलती त्या त्या देशाच्या हद्दीत संपतात. तिथल्या मराठी कुटुंबांनी तिथे जरूर संग्रह करावा. २००३ मध्ये नेपाळच्या काठमांडूतल्या जुन्या शस्त्रागाराचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला, त्यामुळे हिंदुस्थानी इतिहासाशी नाते सांगणाऱ्या बऱ्याच बंदुका आज तिकडे सहज मिळतात. सामानात घालून त्या इकडे आणू मात्र नयेत.

नव्या प्रतिकृतींना मी कमी लेखत नाही. इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाचे पेदेर्सोली घराण्याचा १९५७ साली सुरू झालेला कारखाना ठासणीच्या बंदुका घडवतो. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने एनफिल्डच्या नेटक्या प्रतिकृती काढल्या. आपल्या देशातल्या कारखान्यांतूनही परदेशी हौशी लोकांसाठी बंदुका जातात, आणि त्यांतल्या कित्येकांना कानाचे भोकच पाडलेले नसते, म्हणजे त्या शोभेच्या वस्तू म्हणून जातात. संग्रहात अशी बिनकानाची प्रतिकृती ठेवायला माझी हरकत नाही, फक्त चिठ्ठीवर ‘प्रतिकृती’ असे लिहावे. देशी प्रतिकृतीत पाहायचे ते लाकूड आणि जाडी. मूळ इंग्रजी बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा आणि कुलपाजवळ बारीक उतरलेला असतो. नकलेत शिसम किंवा साग येतो आणि दस्ता जाड राहतो. हातात घेतल्यावर पुढचा भार चुकीचा वाटतो.

डोळा तयार करायला संग्रहालयांशिवाय इलाज नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, आणि नांदेडहून रेल्वेने थेट गाठता येणारे हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, या तिन्ही ठिकाणी अस्सल माल काचेआड आहे. तिथे नळीकडे न जाता आधी बांधणीच्या पट्ट्या आणि दस्त्याची झीज पाहावी. माणसाचा हात जिथे पडतो तिथेच जुने लाकूड गुळगुळीत होते. बनावट बंदुकीवर झीज सगळीकडे सारखी असते. पुस्तकांत एगर्टनचे हिंदुस्थानी शस्त्रांवरचे १८८० चे सूचिपुस्तक अजून कामाचे आहे, आणि रॉबर्ट एल्गुड यांचे २००४ चे पुस्तक शस्त्र आणि पूजा यांचे नाते उलगडून दाखवते. खंडेनवमी पाळणाऱ्या घरांना त्यात आपली ओळख पटेल.

पुस्तिकेची प्रकरणे मात्र नळीपासून दस्त्याकडे अशी लावली आहेत. दस्ता मोडतो, बदलतो, वाद्या तुटतात, घोडे येतात आणि जातात. नळी मात्र बहुतेक वेळा पहिलीच असते, म्हणून वाचकाने आपल्या समोरची बंदूकही त्याच क्रमाने वाचावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरी पाने ठेवली आहेत. घरातल्या किंवा नात्यातल्या बंदुकीची मापे, खुणा आणि तिच्याबद्दल थोरल्यांनी सांगितलेल्या गोष्टी तिथे आजच लिहून घ्याव्यात. बंदूक विकत घ्यायची असो वा नसो.

विष्णुपुरी, नांदेड